गारांचा पट्टा आणि सरासरीचा न्याय

फाल्गुन हा बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हिशेबाचा महिना असतो. शाळूची काढणी आटोपलेली असते, गहू पिवळा पडलेला असतो, हरभऱ्याचे घाटे वाळून खुळखुळू लागलेले असतात. साखर कारखान्यांचा हंगाम अखेरच्या टप्प्यावर येतो, बोरीच्या बाजूला द्राक्षांची काढणी ऐन भरात असते आणि निमगाव केतकीच्या परिसरात डाळिंबाचे व्यापारी बागा पाहत हिंडत असतात. विविध कार्यकारी सोसायटीचा सचिव येता-जाता ३१ मार्चची आठवण करून देऊ लागतो. वर्षभर जमिनीत घातलेला पैसा आता हाती यावयाचा, त्यातून कर्ज फेडावयाचे, औषधवाल्याची उधारी भागवावयाची, उरले तर लग्नकार्य उरकावयाचे, असा हा काळ. नेमक्या याच पंधरा-वीस दिवसांत एखाद्या दुपारी उकाडा असह्य होतो. चारच्या सुमारास क्षितिजावर काळाकभिन्न ढग उभा राहतो, वारा एकाएकी पडतो आणि पुन्हा थंडगार झोताने सुटतो. गोठ्याच्या पत्र्यावर पहिली गार आदळल्याचा आवाज होतो. पुढचा सारा प्रकार दहा-पंधरा मिनिटांचा. तेवढ्या वेळात वर्षाचा हिशेब पुसला जातो.

या दिवसांत आकाशाच्या कोपाची मोठी बातमी बहुधा हिमालयातून येते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात बद्रीनाथजवळच्या माणा या गावी सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमकडा कोसळला. ५४ कामगार त्याखाली सापडले आणि ८ जणांना प्राण गमवावे लागले. ही माणसे रस्त्यावरील बर्फ हटवण्याच्या कामावर होती. वसंताच्या उंबरठ्यावरचा हिमालय कडाक्याच्या थंडीतल्या हिमालयापेक्षा अधिक दगलबाज असतो. जुन्या, घट्ट बसलेल्या थरावर नवे भुसभुशीत बर्फ पडते, आणि तो भार उतारावर टिकत नाही. बारामतीच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ज्या वाऱ्यांच्या लाटा भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयावर बर्फ टाकतात, त्याच लाटांचा एखादा फाटा दक्षिणेकडे खोल उतरला की दख्खनच्या पठारावर गारा पडतात. हवामानशास्त्रज्ञ या लाटांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात.

महाराष्ट्राचा पर्वत म्हणजे सह्याद्री, आणि बारामती-इंदापूर त्याच्या पर्जन्यछायेत वसलेले. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला येईतो तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. या तालुक्यांच्या सगळ्या अर्थकारणाची, आणि बऱ्याचशा राजकारणाचीही, मुळे या दोन आकड्यांतील अंतरात आहेत. भाटघरचे धरण, १८८५ च्या सुमाराचा नीरा डावा कालवा, पुढे १९८० मध्ये पूर्ण झालेले उजनी, या साऱ्यांनी पावसाची उणीव जमेल तशी भरून काढली. पाणी कमी पडण्याच्या संकटाविरुद्ध माणसाने येथे दीडशे वर्षे तयारी केली. आकाशातून पाणी नको त्या वेळी, नको त्या रूपात पडले तर काय करावयाचे, याची तयारी मात्र कधी झाली नाही.

गार कशी बनते हे थोडे पाहिले पाहिजे, कारण तिच्या अर्थशास्त्राची किल्ली तिच्या जन्मातच आहे. फेब्रुवारीअखेर जमीन तापू लागते. अरबी समुद्र किंवा बंगालच्या उपसागरावरून दमट हवा खालच्या थरात शिरते आणि वरच्या थरात पश्चिमेकडील थंड, कोरडे वारे वाहत असतात. खाली ऊन आणि ओल, वर थंडी, अशी ही अस्थिर मांडणी असते. तापलेली हवा वेगाने वर झेपावते, ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो, आणि चार-साडेचार किलोमीटरच्या वर पाणी गोठू लागते. वर चढणारा वारा त्या कणाला खाली पडू देत नाही. अतिशीत थेंब त्यावर गोठत जातात आणि कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थरावर थर बसतात. अखेर वाऱ्याला तिचा भार पेलेनासा झाला की गार सुटते. चार-पाच सेंटिमीटर व्यासाची गार जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग ताशी सत्तर ते शंभर किलोमीटर असतो. पावसाळ्यात हे सहसा घडत नाही, कारण तेव्हा गोठण्याची पातळी अधिक उंच असते, ढगातील उसळी मंद असते आणि तयार झालेला बर्फ वाटेतच विरघळतो.

असा ढग एकटा असतो आणि वाऱ्याबरोबर पुढे सरकत जातो. म्हणून गारपीट पट्ट्यात होते. हा पट्टा कधी दोन-चार किलोमीटर रुंद असतो, कधी त्याहूनही अरुंद. ओढ्याच्या अलीकडची बाग झोडपली जाते आणि पलीकडच्या बागेतले पानही हलत नाही. दुष्काळ सगळ्यांचा असतो, महापूर नदीकाठच्या सगळ्यांचा असतो, पण गारपीट ही बहुधा एकट्याची असते.

यातून जी गोष्ट निष्पन्न होते तिचा उल्लेख वर्तमानपत्री चर्चेत फारसा येत नाही. दुष्काळात पीक बुडते तेव्हा बाजारात मालाची टंचाई होते आणि भाव चढतो. ज्याच्याकडे निम्मे पीक उरले त्याला वाढीव भावाने थोडा आधार मिळतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे सांगू शकेल. गारपिटीत हा आधार नसतो. इंदापूर तालुक्यातील दोनशे एकर द्राक्षे गेली म्हणून पुण्या-मुंबईच्या बाजारात द्राक्षे महाग होत नाहीत, कारण नाशिक, सांगली आणि सोलापूर येथून माल येतच असतो. उलट गारांच्या धास्तीने शेजारचा बागायतदार कच्चा-पक्का माल घाईने काढू लागतो आणि भाव आणखी खाली येतो. म्हणजे ज्याचे गेले त्याचे पुरतेच गेले, आणि ज्याचे वाचले त्यालाही पूर्ण लाभ नाही.

पिकांचा विचार केला तर ही आपत्ती सर्वांना सारख्याच कठोरपणे वागवीत नाही. उसाची पाने गारांनी फाटून चिंध्या होतात. पण कांडी उभी राहते, साखर तिच्यातच असते आणि कारखाना तो ऊस नेतो. द्राक्षाचे तसे नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाल्यापासून चार-साडेचार महिने ज्या घडावर औषधांची, मजुरीची आणि जागरणाची रास ओतलेली असते, त्या घडातील मण्याची साल गारेच्या एका फटक्याने तडकते. रस बाहेर येतो, बुरशी धरते आणि दोन-तीन दिवसांत आसपासचे चांगले मणीही कुजतात. निर्यातीची पेटी तर दूरच, स्थानिक व्यापारीही बागेकडे फिरकत नाही. डाळिंबाच्या सालीवर व्रण उमटतो. आत दाणे निर्दोष असले तरी त्या फळाचा दर्जा घसरतो, आंबे बहराची फुले गळून पडतात, आणि झाडावरील जखमांतून तेल्या रोगाला मोकळी वाट मिळते.

शहरातील विचारवंत बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला ऊस लावल्याबद्दल वर्षानुवर्षे बोल लावीत आले आहेत. कमी पावसाच्या प्रदेशात तहानलेले पीक कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु उसाचा भाव कायद्याने ठरवून दिलेला असतो, खरेदीदार कारखाना दाराशी असतो, आणि गारांचा मारा तो सोसतो. द्राक्ष किंवा डाळिंब ठिबकावर कमी पाण्यात एकरी अधिक पैसे देऊ शकते, पण त्या पैशाला ढगाची सावली असते. ज्या शेतकऱ्याची एकूण जमीन तीन एकर आहे, त्याने सरासरी उत्पन्न पाहून पीक निवडावे ही अपेक्षा पुस्तकी होय. तो सगळ्यात वाईट वर्षाचा विचार करून पीक निवडतो. पाणी वाचवणाऱ्या पिकांकडे शेतकरी वळावा असे शासनास खरोखरच वाटत असेल, तर ठिबकच्या अनुदानाइतकाच गारांच्या विम्याचा विचार व्हावयास हवा होता.

या संकटाचे सगळ्यात मोठे रूप महाराष्ट्राने २०१४ मध्ये पाहिले. फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या बहुतेक भागांत कोठे ना कोठे रोज गारा पडत राहिल्या. विदर्भ, मराठवाडा, सोलापूर, नाशिक, पुणे कोणीच सुटले नाही. लाखो हेक्टरांवरील उभे पीक आडवे झाले, माणसे आणि जनावरे दगावली, पक्ष्यांचे खच पडले. त्यातच ५ मार्चला लोकसभेच्या निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होऊन आचारसंहिता लागू झाली. मदत जाहीर करावयास निवडणूक आयोगाची अनुमती मिळवावी लागली. त्यानंतर राज्य शासनाने चार हजार कोटी रुपयांची मदत घोषित केली. कोरडवाहू पिकांना हेक्टरी १० हजार, बागायती पिकांना १५ हजार आणि फळबागांना २५ हजार रुपये असा तिचा दर होता. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था तेव्हा अवघ्या पाच वर्षांची होती. तेथील शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी गारपिटीची कारणे, तिने होणारी हानी आणि त्यानंतरचे पीकव्यवस्थापन यांवर एक पुस्तिका सिद्ध केली. देशात या विषयावर हाताशी असलेल्या वाङ्मयात तिला मानाचे स्थान द्यावे लागेल. मोडक्या फांद्या कोठे छाटाव्यात, जखमांवर कोणते औषध फवारावे, कोणते पीक सावरण्याजोगे आहे आणि कोणते मोडून टाकणेच शहाणपणाचे, हे शास्त्र आता तालुक्यातच उपलब्ध आहे. अडचण पैशाच्या बाजूला आहे.

पैशाच्या या बाजूचा इतिहास पुण्याशी निगडित आहे. भारतात पीकविम्याचा विचार मांडणाऱ्यांत म्हैसूरचे जे. एस. चक्रवर्ती हे आद्य. त्यांनी १९२० सालीच पावसाच्या मोजमापावर आधारलेल्या विम्याची योजना लिहिली होती. परंतु आजच्या योजनांची घडण ज्यांच्या विचारातून झाली ते गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्राध्यापक वि. म. दांडेकर होत. १९७० च्या दशकात व्यक्तिगत पीकविम्याचे प्रयोग फसत होते. प्रत्येक शेताचे नुकसान मोजण्याचा खर्च परवडत नव्हता, आणि विमा आहे म्हणून पिकाकडे दुर्लक्ष करणारा कोण व खरा पीडित कोण हे ओळखण्याचा मार्ग नव्हता. दांडेकरांनी १९७६ मध्ये सुचवले की शेतकऱ्याचे शेत मोजू नका, त्याच्या परिसराचे सरासरी उत्पन्न मोजा. परिसराची सरासरी उंबरठ्याखाली गेली की त्या परिसरातील सर्व विमाधारकांना एकाच प्रमाणात भरपाई द्या. १९७९ मध्ये सर्वसाधारण विमा महामंडळाने या तत्त्वावर प्रायोगिक योजना सुरू केली. १९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना आणि १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना याच पायावर उभ्या राहिल्या.

दुष्काळाच्या बाबतीत दांडेकरांचे तर्कशास्त्र अभेद्य आहे. पाऊस हुकला की मंडळातील बहुतेक शेते सारखीच होरपळतात, म्हणून सरासरी खरे बोलते. गारपिटीत तीच सरासरी दिशाभूल करते. मंडळातील शंभर शेतांपैकी सहा शेतांवर गारांचा पट्टा फिरला आणि त्या सहांचे सर्वस्व गेले, तरी मंडळाचे सरासरी उत्पन्न सहा टक्क्यांनी घटते. पीक कापणी प्रयोगासाठी चिठ्ठीने निवडलेली शेते त्या पट्ट्यात आलीच नाहीत, तर तेवढीही घट नोंदली जात नाही. कागदोपत्री त्या मंडळात काहीच घडलेले नसते. ही मर्यादा योजनाकर्त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. १९९९ च्या योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीसाठी शेतनिहाय मूल्यमापनाची प्रायोगिक तरतूद होती. २०१६ साली आलेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेने ती सर्वत्र नेली. ७२ तासांच्या आत कळवावे, पाहणी व्हावी आणि त्या एका शेताची भरपाई ठरावी, अशी पद्धत होती. विमा कंपन्यांच्या वागणुकीबद्दल तक्रारी असंख्य झाल्या आणि त्यांतील बऱ्याच खऱ्या होत्या. तथापि तत्त्व योग्य होते.

राज्याने २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा दिला. अर्जांचा पूर आला, त्यात बनावट अर्जही निघाले. २०२५ च्या खरिपात ही सवलत मागे घेण्यात आली आणि तिच्याबरोबर स्थानिक आपत्तीच्या शेतनिहाय भरपाईचे कलमही गळले. भरपाई पीक कापणी प्रयोगातील सरासरीवर आली. एक रुपयाचा विमा बंद झाला याची चर्चा फार झाली. वास्तविक तो बंद होण्यात वाईट काही नव्हते, कारण फुकट मिळणाऱ्या संरक्षणाची किंमत ना देणाऱ्याला कळते ना घेणाऱ्याला. पण त्या धामधुमीत गहू, हरभरा आणि कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या हातून गारांचे संरक्षण निसटले, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. गैरव्यवहार अर्जांच्या नोंदणीत होता, आणि कापले गेले ते मूल्यमापन.

फळबागांसाठी हवामानावर आधारित निराळी विमा योजना आहे. तीत महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राने नोंदलेला पाऊस व तापमान यांवर भरपाई ठरते. गार मात्र त्या केंद्राला मोजता येत नाही. म्हणून गारपिटीचे संरक्षण हवे असेल तर जादा हप्ता भरून ते वेगळे घ्यावे लागते. हप्त्याची रक्कम भरतेवेळी, म्हणजे हंगामाच्या आरंभी, शेतकऱ्याचा हात औषध-खतांत अडकलेला असतो. जादा हप्त्याचा रकाना कोरा राहतो तो बहुधा याच कारणाने, अज्ञानाने नव्हे.

विमा नसला की उरते ती सरकारी मदत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळणाऱ्या आपत्तींच्या यादीत गारपीट आहे, ही जमेची बाजू. पूर्वी निम्म्याहून अधिक पीक गेले असेल तरच मदत मिळे. २०१५ मध्ये ही अट ३३ टक्क्यांवर आली. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेला दर कोरडवाहू पिकांना हेक्टरी ८,५००, बागायती पिकांना १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, तोही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. द्राक्षबागेच्या बाबतीत याचा अर्थ एकरी सुमारे नऊ हजार. त्या एकरावर छाटणीपासून काढणीपर्यंत झालेला खर्च लाखांत असतो. ही रक्कम भरपाई नव्हे, शासनही तिला तसे म्हणत नाही, ते मदत म्हणते. शब्द प्रामाणिक आहे. पण सोसायटीच्या दप्तरात ३१ मार्च ही तारीख त्या शब्दाने हलत नाही. पीककर्ज त्या तारखेच्या आत फेडले तरच व्याजाची सवलत मिळते, आणि मदतीची रक्कम खात्यावर येईतो बहुधा पावसाळा तोंडावर येतो.

पंचनाम्याचे काम तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक या तिघांनी मिळून करावयाचे असते. येथे मार्च २०२३ ची आठवण काढणे भाग आहे, जरी ती या पानाच्या अनेक वाचकांना अप्रिय वाटण्याचा संभव आहे. १४ मार्चपासून राज्यातील सरकारी-निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या निवृत्तिवेतनासाठी बेमुदत संपावर गेले. दुसऱ्याच दिवसापासून राज्यात अवकाळी पाऊस आणि गारा सुरू झाल्या. पंचनामे खोळंबले, विधिमंडळात त्यावर गदारोळ झाला आणि २० मार्चला संप मागे घेण्यात आला. त्या आठवड्यात शेतकरी विरुद्ध नोकरदार असे चित्र रंगवण्याची अनेकांना संधी मिळाली. ते चित्र खोटे होते. संपावर गेलेल्या अनेकांच्या घरी तीच शेती होती, आणि त्यांच्या मागणीचा गाभा शेतकऱ्याच्या मागणीहून वेगळा नव्हता. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेल्या कर्मचाऱ्याचे म्हणणे एवढेच होते की म्हातारपणाची जोखीम बाजाराच्या चढउतारावर न टाकता शासनाने उचलावी. गारांनी झोडपलेल्या शेतकऱ्याचेही म्हणणे जोखीम कोणी उचलावी हेच आहे. फरक इतकाच की एकाजवळ संघटना आहे आणि ठरलेली वेतनश्रेणी आहे. दुसऱ्याजवळ ७२ तास असतात, आणि त्या वेळी तेही निघून जात होते. संपाचा हक्क मान्य करूनही आपत्तीच्या पंचनाम्याला रुग्णालयाप्रमाणे संपातून वगळावे, अशी सूचना कर्मचारी संघटनांनीच पुढे होऊन केली असती तर त्यांच्या मागणीचे नैतिक वजन वाढले असते.

पंचनाम्याच्या कागदावर ज्यांच्यासाठी रकानाच नाही अशी माणसे आणखी निराळी. द्राक्षाच्या एका बागेत काढणी, पेटी भरणे या कामांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये जेवढ्या बायका असतात, तेवढे काम त्यांना वर्षात पुन्हा क्वचितच मिळते. बाग झोडपली की दुसऱ्या दिवशी त्यांची मजुरी थांबते. मालकाला एकरी नऊ हजार तरी मिळण्याची आशा असते, बाईला काही नाही. वाट्याने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. कापणी झालेल्या रानात मेंढ्या बसवणाऱ्या धनगराच्या मेंढ्या गारांनी मेल्या, तर त्याने त्या कोठे व कोणाच्या हद्दीत मेल्या येथपासून सिद्ध करीत बसावे लागते. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीची योजना घडवली आणि देशाला दिली. ती दुष्काळासाठी घडवलेली होती. दुष्काळ महिनोन्‌महिने चालतो, म्हणून काम काढावयास सवड मिळते. गारपीट पंधरा मिनिटांत संपते, तिला सालाचे नावही मिळत नाही. बहात्तरचा दुष्काळ सारे सांगतात, पण गारांचे साल ज्याच्या शेतात त्या पडल्या त्याच्याच घरात लक्षात राहते.

गारा थोपवण्याचे प्रयत्न माणसाने पूर्वीपासून केले आहेत. विदर्भात गारपगारी नावाचा एक समाज आहे. गावाच्या शिवारावर येणारी गार मंत्राने परतवणे हे त्याचे गावकीचे काम मानले जाई आणि त्याबद्दल शेतकरी त्याला सुगीला धान्य देत. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्याच्या मंत्रावरील विश्वास ओसरून ते उत्पन्न आटू लागले होते. मंत्राने गार परतत नसे हे खरे, परंतु गारांच्या भयापोटी सर्व गावाने दरवर्षी थोडेथोडे द्यावयाचे ही सवय मात्र अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोलाची होती. युरोपही फार शहाणा होता असे नाही. ऑस्ट्रियात १८९६ मध्ये आल्बर्ट श्टिगर याने ढगांवर आवाजाचे बार उडवणाऱ्या तोफा बनवल्या. काही वर्षांत त्या हजारोंनी पसरल्या आणि पुढच्या चाचण्यांत निरुपयोगी ठरल्या. तशा तोफा आजही विकल्या जातात. याउलट उत्तर जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात १७९७ मध्ये जमीनदारांनी गारांपुरती परस्पर विमा संस्था काढली. प्रत्येकाने वर्गणी भरावयाची आणि ज्याच्यावर गार पडेल त्याचे नुकसान सर्वांनी मिळून भरावयाचे. ती संस्था विमा व्यवसायात अजून टिकून आहे.

गारपीट ही विम्याला सगळ्यात सोयीची शेती-आपत्ती आहे. ती एका वेळी थोड्यांवरच येते, ती आली की नाही याविषयी वाद होत नाही, आणि शेतकऱ्याच्या आळशीपणाने ती ओढवत नाही. दांडेकरांना ज्या अडचणींनी परिसराच्या सरासरीकडे वळवले, त्यांतील निष्काळजीपणाची अडचण येथे उद्भवतच नाही. उरतो तो मोजणीचा खर्च, आणि उपग्रहाची छायाचित्रे व ई-पीक पाहणीच्या या काळात तो पूर्वीइतका राहिलेला नाही. सहकाराच्या या भूमीत, जेथे उसाच्या बिलातून अनेक निधींसाठी कपात करण्याची रीत दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडली आहे, तेथे गारांच्या परस्पर निधीसाठी कोणी पुढे येऊ नये हे आश्चर्य आहे. केवळ दोन तालुक्यांचा निधी चालणार नाही हे उघड आहे. २०१४ सारखे एक वर्ष त्याला बुडवील. पण द्राक्ष बागायतदारांचा संघ राज्यव्यापी आहे, आणि नाशिकच्या पट्ट्यावर व इंदापूरच्या पट्ट्यावर एकाच दिवशी गारा पडण्याचा योग नेहमीचा नाही. संघाने निधी उभारावा, मोठ्या वर्षासाठी शासनाने त्यामागे पुनर्विम्याची हमी द्यावी. विमा कंपन्यांना हप्त्याचा वाटा देण्यापेक्षा हा खर्च जड जाणार नाही.

प्लॅस्टिकचे आच्छादन आणि गाररोधक जाळी हा दुसरा उपाय. तो खरा आहे, पण एकरी काही लाखांचा आहे. अनुदान मिळाले तरी उरलेली रक्कम उभी करू शकणारा बागायतदार मुळात गारांनी बुडणाऱ्यांपैकी नसतो. हवामान खाते तीन तासांचा तातडीचा इशारा देते, आणि विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले दामिनी उपयोजन मोबाइलवर आहे. या इशाऱ्याने माणूस घरात येतो, जनावर गोठ्यात येते, खळ्यावरचा गहू झाकला जातो. बाग उचलून आत नेता येत नाही.

गारा पडून गेल्यावर बागेत काम थांबत नाही, हे बाहेरच्यास सहसा ठाऊक नसते. कुजके घड उतरवून बागेबाहेर टाकावे लागतात, नाहीतर बुरशी पुढच्या हंगामात शिरते. त्याला मजुरी लागते. फाटलेल्या पानांवर आणि जखमी काड्यांवर फवारणी करावी लागते, त्याला औषध लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी चुकवता येत नाही, कारण पुढच्या वर्षाचा घड ज्या काडीवर यावयाचा ती काडी त्या छाटणीनंतरच वाढते. गारांनी सोललेले ओलांडे असतील तर नव्या फुटी कमी येतात आणि एका दुपारचे नुकसान दुसऱ्या वर्षाच्या हिशेबातही उतरते. हा सगळा खर्च नव्या कर्जातून करावयाचा असतो, आणि जुने थकलेले असताना सोसायटी नवे देत नाही. तेव्हा गावातल्या औषध दुकानाची उधारी आणि खासगी सावकार एवढीच दारे उघडी राहतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इंदापूरच्या पूर्व भागातील बागांतून छाटणीच्या कात्र्यांचा आवाज येऊ लागतो तेव्हा मार्चच्या पंचनाम्यांच्या याद्या तहसील कचेरीत एकत्र होत असतात.